खजिनदाराची सही: बिल खोटं, माणूस खरा. काय करावं?

वहीवाला (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस नुसता वाचतोय इथं, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल.

मी मिरज तालुक्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार. पंचावन्न घरं, रविवारचं दान साडेतीन-चार हजार, सणाला जास्त. मंडळीचं आणि पाळकसाहेबांचं (आमच्या धर्मगुरूंचं) नाव सांगणार नाही. कुणी ओळखलंच तर कृपया गप्प बसा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, ते कुणी विसरलं नसेल. धोक्याची पातळी ४५. आमच्या हॉलमध्ये तेव्हा आठ दिवस सत्तरएक माणसं होती. त्यांत आपली किती, बाकीची किती, हे कुणी मोजलं नाही. मुंबईच्या एका मंडळीनं पूरग्रस्तांसाठी म्हणून दीड लाख पाठवले. धान्य, फिनेल, औषधं, ६० ब्लँकेटं मिळून ९२,८०० खर्च झाले. सगळी बिलं माझ्याकडं आहेत. टाचण्या गंजल्यात, पण बिलं आहेत.

उरले ५७,२००. नोव्हेंबरात साहेबांनी त्यातून हॉलचे पत्रे बदलून घेतले. पत्रे, अँगल, मजुरी सगळं धरून ५४,०००. बाकी ३,२०० अजून वहीत शिल्लक. पत्रे बदलायलाच हवे होते. ज्या पत्र्याखाली लोकांना झोपवलं, तिथंच आम्ही रात्रभर घमेली सरकवत होतो. पण कमिटीत विषय आला नाही. साहेब म्हणाले, "बघू, नंतर ठराव घालू." मग कोविड आला आणि ठराव राहिला तो राहिलाच.

आता २०२१ च्या जुलैत परत पूर. त्याच मुंबईच्या मंडळीनं कळवलं, मदत पाठवतो, मागच्या पैशाचा हिशेब बिलांसकट पाठवा. गेल्या बुधवारी साहेबांनी मला घरी बोलावलं आणि एक बिल पुढं ठेवलं. ब्लँकेट १८० नग, दर ३००, एकूण ५४,०००. तारीख २० ऑगस्ट २०१९. शाई कोरी करकरीत. म्हणाले, "खजिनदार म्हणून खाली सही कर."

ब्लँकेटं मी स्वतः वाटलीत हो. एका छोटा हत्तीत आली होती, मागं दोन पोरं बसून. साठच होती. शेवटचं एक कमी पडलं म्हणून मी घरची चादर दिली, ती बायको अजून काढते.

साहेबांनी एक रुपया खिशात घातलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. छातीएवढ्या पाण्यातून म्हातारीला पाठंगुळी आणलेला माणूस आहे तो. त्यांचा स्वतःचाच तीन महिन्यांचा पगार थकलाय. सही केली नाही तर ते दुखावणार आणि मदतही अडणार. अजून केलेली नाही. बिल बायबलात घालून घरी आणलंय.

कृष्णाकाठचा

सही करू नका. बाकी नंतर लिहितो, गाडीवर आहे.

रोखठोक

मला यात एवढं काय आहे तेच कळेना. पैसे पूरग्रस्तांसाठी, पूरग्रस्त झोपले कुठं, तर त्या हॉलमध्ये. पत्रे त्याच हॉलचे. उद्या परत पूर आला (आलाच) तर तिथंच झोपणार. मुंबईत बसून बिलं मागणाऱ्यांना इथला चिखल माहीत नाही. करा सही आणि आणा मदत. लोकांच्या घरात गुडघाभर गाळ आहे आणि आपण शाई बघतोय.

द्राक्षबाग (तासगाव)

दादा, मी तुमच्यातला न्हाई, पर गणपती मंडळाचा खजिनदार हाय सात वर्सं. आमच्यात बी असंच झालतं. वर्गणी घेतली डेकोरेशनची, लावली पान्याच्या मोटारीला. मोटार गावाचीच, कुनी खाल्लं न्हाई. पर फळ्यावर लिवलं 'डेकोरेशन'. म्होरल्या साली पोरं पावतीपुस्तक घिऊन दारात गेली तर लोक म्हनत्यात, "औंदा कशाची मोटार?" हसत्यात, च्या पाजत्यात, पैसं देत न्हाईत. आदीच इचारलं असतं तर मोटारीला बी दिलं असतं की लोकांनी.

ऑडिटवाला

धर्माचं मला कळत नाही, कागदाचं कळतं. सांगलीत ट्रस्टची बरीच ऑडिटं केलीत, देवस्थानं, मशिदी, चर्च, तालमी. दुखणं सगळीकडं सारखंच.

तुमची मंडळी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली असेल, थेट किंवा वरच्या संस्थेमार्फत. ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात ठरावीक कामासाठी राखलेल्या निधीची वेगळी ओळ असते. देणाऱ्यानं 'पुरासाठी' म्हणून दिलेला पैसा त्या ओळीत बसतो. तो दुसरीकडं वळवायचा तर आधी देणाऱ्याला विचारायचं. उशीर झाला असेल तर उशिरा विचारायचं. अर्ध्या पानाचं पत्र पुरतं. नव्वद टक्के देणारे 'हरकत नाही' म्हणतात.

म्हणजे पत्र्यांचा खर्च ही चूक आहे, पण दुरुस्त होणारी. बिलाचं तसं नाही. तो बनावट दस्त आहे, आणि त्यावर सही तुमची असणार, पाळकांची नाही. उद्या कुणी विचारलं तर 'साहेबांनी सांगितलं' हे उत्तर चालत नाही.

दोन प्रश्न. मुंबईचा पैसा देशातलाच ना? परदेशातून आलेला असता तर परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा लागला असता, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फार कडक झालाय. दुसरं, पत्र्यांचं खरं बिल आहे का? पक्कं की कच्चं?

वहीवाला

पैसा मुंबईचाच, चेकनं आलेला. पत्र्यांचं पक्कं बिल आहे, मजुरीची पावती साध्या कागदावर, मिस्त्रीच्या सहीची.

ऑडिटवाला

मग खरे कागद हातात असताना खोटा कशाला करताय?

सातारची_लेक

वरचं वाचून माझ्या आजोबांची आठवण झाली. ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण द्यायचे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथं जागा. १९१९ मध्ये ते गेले, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. पण साताऱ्यातली जुनी माणसं ते नाव घेताना अजून आवाज खाली आणतात. पगाराचा मिंधेपणा नसला की माणूस खरं बोलू शकतो, असं आजोबा म्हणायचे. आपल्या आजच्या पुढाऱ्यांना गाडी पाहिजे, परदेश दौरा पाहिजे, नावापुढं डॉक्टर पाहिजे.

मिरजकर_काकू

सातारची लेक, रागावू नकोस बाळ, पण टिळकांची गोष्ट सांगून आमच्या पाळकांना उपाशी ठेवायची सवय फार जुनी आहे. टिळक हातातलं देऊन टाकायचे आणि इकडं लक्ष्मीबाई डबे खरवडायच्या, ते विसरू नये.

मी पाळकाची बायको होते, एकतीस वर्षं. पगार दोन-दोन महिने थकायचा. वडीलवर्ग (मंडळीतले पंच) म्हणायचा, "पाळकसाहेब, देव पुरवील." त्यांचे स्वतःचे पगार मात्र सरकार पुरवायचं, एक तारखेला. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नको, असं बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौलानं उगाच नाही म्हटलं.

एकदा संडे स्कूलच्या पेटीतून ह्यांनी आमच्या धाकट्याच्या औषधाला ४० रुपये घेतले. चिठ्ठी ठेवली होती पेटीत, 'घेतले, परत देईन' म्हणून. दिलेही. पण ती चिठ्ठी कुणीतरी आधी पाहिली, आणि त्यापुढं आम्ही त्या गावात असेपर्यंत पेटीला कुलूप लागलं. किल्ली वडिलांच्या जानव्याला, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. ख्रिस्ती माणसाला कुठलं जानवं! पण रुबाब तोच.

वहीवाले दादा, सही करू नका हे खरंच. पण त्या माणसाला तीन महिने पगार न देणाऱ्या कमिटीत तुम्हीही आहात ना? तोही हिशेब मांडा.

वहीवाला

आहे काकू. खजिनदार आहे म्हणजे त्या कमिटीत आहेच. हे लागलं.

कृष्णाकाठचा

आता बसलोय, लिहितो.

धाग्याचं नावच मला खटकतंय. 'बिल खोटं, माणूस खरा.' आपल्यात सगळा घोळ इथूनच सुरू होतो. माणूस चांगला आहे, प्रार्थनेचा आहे, पाण्यात उतरतो, म्हणून हिशेब विचारायचा नाही. विचारला तर तुझ्यात आत्मा नाही.

ख्रिस्ती व्याख्याते रवी झकारायस आमच्या तरुण संघात किती ऐकले जायचे! मी स्वतः मोबाइलवर भाषणं भरून द्यायचो पोरांना. त्यांच्याविषयी एका बाईची तक्रार जिवंतपणीच आली, तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि लैंगिक गैरवर्तन खरं निघालं, तेही वर्षानुवर्षांचं. मी तो अहवाल वाचल्यावर दोन रविवार उपासनेला गेलो नाही. देवावर नव्हे, स्वतःवर चिडलो होतो.

रोखठोक

कुठं ते आणि कुठं ५४ हजारांचे पत्रे? चिलटाला तोफ.

कृष्णाकाठचा

पापाची तुलना करतच नाही. तिथं पंचमंडळींनी जे उत्तर दिलं, तेच आपण देतोय, एवढंच म्हणतोय. 'आम्ही त्यांना ओळखतो.' अहो, ओळखतो म्हणूनच बघवत नाही आपल्याला.

आणि बायबलातली हनन्या-सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट काढून बघा, प्रेषितांची कृत्ये ५. आपल्याला वाटतं, त्यांनी पैसे मागं ठेवले म्हणून ते मेले. पेत्र तसं म्हणतच नाही. तो म्हणतो, शेत तुझंच होतं, विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता. काही न देताही चाललं असतं. अर्धं देऊन 'सगळं दिलं' म्हणाले, तिथं मोडलं. तुमचे पत्रेही चालले असते. त्यांना 'ब्लँकेट' म्हणायला निघालात.

एक सदस्य

(प्रतिसाद काढून टाकला आहे. धर्मांतराचा वाद इथं नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. – संपादक)

वाईचा_म्हातारा

मी निवृत्त पाळक. वाई, पाचगणी, कोरेगाव, पुढं सांगली जिल्हा, असं सगळीकडं फिरून आता घरी बसलोय. डोळ्यांना त्रास आहे, नात टाइप करतेय, चुका तिच्या.

माझी गोष्ट सांगतो. तीस वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक अहवालात एक रकाना असे, 'सरासरी उपस्थिती'. माझ्याकडं रविवारी साठ माणसं. शेजारच्या पाळकानं एकशे वीस लिहिले. मला ठाऊक होतं, त्याच्याकडंही साठच. मी ऐंशी लिहिले. साठ खरे, वीस आशेचे! पुढच्या वर्षी ऐंशीचे नव्वद करावे लागले, कमी लिहिले तर काम घटलं असं दिसलं असतं. चौथ्या वर्षी वरून पत्र आलं, एवढी मंडळी वाढलीय तर तुमचं वरून येणारं अनुदान कमी करायला हरकत नाही. बसलो बोंबलत. वाढलेली माणसं कागदावरची, ती दान कुठून देणार?

कुणाचा एक पैसा मी घेतला नव्हता. पण त्या चार वर्षांत व्यासपीठावर उभा राहिलो की शेवटच्या बाकाकडं बघता येत नसे. तो रिकामा असायचा आणि मी तो अहवालात भरलेला होता.

या खरेपणासाठी 'सात्त्विकपणा' हा शब्द आपल्या बायबलात करिंथकरांस दुसऱ्या पत्रात येतो, वचनात भेसळ करणाऱ्यांबद्दल जिथं पौल बोलतो तिथं. दुधात पाणी घालणाराही दूधच विकत असतो, विष नव्हे. भेसळीचा शब्द वापरला तो यासाठी, असं मला वाटतं. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या दानाची गोष्ट आहे. पौलानं ते एकट्यानं नेलं नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ दिला, शिवाय आणखी एक. कारणही तोच सांगतो, एवढ्या मोठ्या दानाबाबत कुणी बोट ठेवू नये, प्रभूसमोर नीट असावं आणि माणसांसमोरही. पौलाला सोबत लागते तर आपण कोण?

अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बसून आपसात चार गोष्टी ठरवल्या होत्या. पैसा, परस्त्री, स्थानिक मंडळ्यांवर टीका न करणं, आणि चौथी, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. पहिल्या तीन कुणालाही सुचतील. चौथी वाचली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. फार उशीर झाला.

वहीवाल्यांनी पाळकांकडं एकट्यानंच जावं. बायबलातल्या मत्तय १८ ची पहिली पायरी तीच आहे, एकांतात. कमिटीत आधी काढू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. आणि जाताना खऱ्या पत्र्यांचं बिल बरोबर न्या. नुसतं 'नाही' घेऊन जाऊ नका.

सातारची_लेक

आजोबा, शेवटच्या बाकाचं वाचून गलबललं. काकू, तुमचंही पटलं. मी घाईत लिहिलं.

भाकरतुकडा

अवांतर: खजिनदारांनी योहान १२ वाचताना थैली कुणाकडं होती तेही बघावं. 🙂

वहीवाला

ते रोज बघतो बाबा, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडं. घरचे त्यावरूनच चिडवतात.

ऑडिटवाला

मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून आमच्याकडं आजी-आजोबांच्या तोंडी एक होतं, मिशनवाले खोटं बोलत नाहीत. आम्ही हिंदू घरातले, तरी. ती पत तुमच्या सगळ्यांच्या खात्यावर जमा आहे, अजून पुरती खर्च झालेली नाही. एवढंच, बाकी वाईच्या आजोबांनी सांगितलंय.

वहीवाला

शनिवारी संध्याकाळी जाऊन आलो. सांगतो.

साहेब अंगणात पुरात भिजलेली उपासना संगीताची पुस्तकं वाळवत होते. तारेवर चिमट्यांनी लावलेली, कपड्यांसारखी. मी बिल काढून बाजेवर ठेवलं, वर पत्र्यांचं खरं बिल ठेवलं. म्हणालो, "साहेब, याच्यावर सही करतो. त्याच्यावर नाही होणार."

भडकले. "मी चोर आहे का? तुझ्या पोराचा बाप्तिस्मा कुणी केला? तुझ्या आईच्या मातीला पावसात कोण उभं होतं?" सगळं खरंच होतं, मला उत्तर देता येईना. मी पुस्तकं उलटत बसलो, पानं चिकटली होती. पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग आतून बाईंचा आवाज आला, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं." साहेब काही बोलले नाहीत. ते खोटं बिल त्यांनी फाडलं नाही, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं.

जाताना मी पगाराचं काढलं. म्हणालो, तीन महिन्यांची बाकी कमिटीपुढं मी मांडतो, ती माझीही चूक आहे. तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

रविवारी काहीच झालं नाही. मंगळवारी त्यांनीच कमिटी बोलावली. स्वतः उभे राहिले आणि सांगितलं, पत्रे पुराच्या पैशातून घातले, मुंबईला विचारलं नाही, आणि परवा मी वहीवाल्याला खोटं बिल दिलं होतं. शेवटचं सांगायची गरज नव्हती, ते मला आणि त्यांच्या घरातच माहीत होतं. दोन माणसं उठून ओरडली. एक वडील म्हणाले, घरातली धुणी मुंबईला कशाला धुवायला पाठवता? पण पत्र गेलं, साहेबांच्या हस्ताक्षरात. पत्र्यांचं बिल, मिस्त्रीची पावती, आणि तुम्हाला पैसे परत हवे असतील तर हप्त्यांनी फेडू, असं. शेवटी ३,२०० शिल्लक आहेत हेही.

पगाराची एक महिन्याची बाकी देऊन झाली. दोन राहिल्या. दान आता दोघं मोजतात, मी आणि महिला मंडळाच्या एक ताई. त्या दहाची नाणी माझ्यापेक्षा भराभर मोजतात.

वाईचा_म्हातारा

खिशातल्या बिलाचं काय झालं ते विचारू नका त्यांना. नात म्हणते हे लिहू नका, तरी लिहितोय.

रोखठोक

चांगलं झालं, वाईट म्हणत नाही. पण मुंबईची मदत आली का?

वहीवाला

नाही. तिथल्या खजिनदाराचा फोन आला होता, "आमच्या कमिटीपुढं ठेवतो" म्हणाले. आवाज जरा कोरडाच होता. इथं बावीस घरांना धान्य द्यायचं ठरलं होतं, आपल्या दानातून नऊ घरांना दिलं.

रोखठोक

म्हणजे तेरा घरं राहिली.

वहीवाला

राहिली.

द्राक्षबाग (तासगाव)

दादा, तेरा घरास्नी तांदूळ किती लागतोय त्येवडं सांगा. मंडळात इचारतो. औंदा कोरोनामुळं मिरवणूक न्हाईच, पैसं पडून हायत. पावती मातर पायजे, आन वर 'धान्य' लिवा.

वहीवाला

घरटी दहा किलो. पावतीपुस्तक घेऊन मीच येतो तासगावला.